चित्रपट डिस्कवर काढताना चोरट्या प्रतींविरुद्ध करावयाची तयारी

अहिराणी चित्रपटाची किंवा गाण्यांची डिस्क धुळे, जळगाव, नंदुरबारच्या बाजारांत आणि सारंगखेड्यासारख्या यात्रांत विकायची असेल, तर तिची चोरटी प्रत निघणार हे धरूनच निर्मात्याने कामाला लागावे. न फुटणारे कुलूप या व्यवसायात मिळत नाही. मात्र प्रत कोणाच्या हातून फुटली हे ओळखण्याची सोय अगदी कमी खर्चात करता येते, आणि माझ्या मते लहान निर्मात्याने आपला पैसा व वेळ तिथेच घालावा.

सर्वांत आधी डिस्क कारखान्यात छापून घ्यायची की संगणकावर लिहून घ्यायची, हे ठरवावे. काचेच्या मास्टरवरून, म्हणजे मूळ प्रतीवरून, साचा करून छापलेल्या डीव्हीडीवर सीएसएस हे कुलूप घालता येते. दुकानात मिळणाऱ्या कोऱ्या डीव्हीडी-आरवर ते घालता येत नाही, कारण त्याच्या किल्ल्या डिस्कच्या ज्या सुरुवातीच्या भागात ठेवायच्या असतात, तो भाग घरच्या रायटरला लिहिता येत नाही. शिवाय ही किल्ली जेमतेम ४० बिटांची असून ती फोडणारा प्रोग्रॅम १९९९ मध्येच जगभर पसरला. व्हीसीडीला तर कुलूपच नसते. डिस्क कोणत्या देशांतल्या प्लेअरवर चालावी हे ठरवणाऱ्या प्रदेश-संकेताला कोणी संरक्षण समजू नये: भारताचा संकेत ५ आहे आणि आखाती देशांचा २, त्यामुळे तो घातल्यास चोर अडत नाही, पण दुबईला कामावर गेलेल्या गावकऱ्याकडे डिस्क चालत नाही.

डिस्कवर मुद्दाम खराब सेक्टर (न वाचता येणारे छोटे भाग) ठेवून नक्कल अडवण्याची युक्तीही सुचवली जाते. तिने काही साधे प्लेअरसुद्धा अडकतात आणि पैसे मोजलेले गिऱ्हाईक ‘डिस्क खराब निघाली’ म्हणून दुकानदाराच्या गल्ल्यापाशी उभे राहते, त्यामुळे ही युक्ती टाळावी.

संगणकावर लिहिलेल्या डिस्कचा एक मोठा फायदा असा की प्रत्येक विक्रेत्याची खेप वेगळी करता येते, तर कारखान्यात प्रत्येक बदलासाठी नवा मास्टर लागतो. यासाठी संकलन करताना चित्रपटातील चार साधे शॉट निवडावेत, ज्यांत पाटी, लिखाण किंवा लुगड्याच्या पदरासारखी डावी-उजवी बाजू सांगणारी खूण नसेल. केळीचा बाग, तापीचे पात्र, रिकामा रस्ता असे शॉट उत्तम. प्रत्येक शॉट सरळ ठेवायचा किंवा आरशातल्यासारखा उलटा करायचा, एवढ्या एका फरकाने चार शॉटमधून १६ निरनिराळ्या खेपा तयार होतात. अमळनेरच्या विक्रेत्याला पहिला शॉट उलटा, शहाद्याच्या विक्रेत्याला दुसरा आणि चौथा उलटा, अशी नोंद वहीत करावी. ही खूण चित्र लहान केले, कडा कापल्या किंवा टीव्हीसमोर मोबाइल धरून चित्रीकरण केले तरी टिकते, आणि चोराने पकडले जाऊ नये म्हणून सगळा चित्रपटच उलटा केला, तरी इतर दृश्यांतल्या पाट्या व लिखाणावरून ते लगेच कळते. निदान दोन शॉट गाण्यांत असावेत, कारण आपल्याकडे चित्रपटाआधी गाणीच मेमरी कार्डांत भरली जातात.

प्रदर्शनापूर्वी कोणाला पाहण्यासाठी प्रत द्यावी लागली, तर तीत लपवाछपवी नको. त्या व्यक्तीचे नाव व तारीख चित्राच्या मध्यभागी फिकट अक्षरांत कायमची उमटवावी; एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरने हे काम होते. कोपऱ्यातले नाव कापून टाकता येते, मध्यावरचे सहजासहजी नाही.

कागदपत्रांची बाजू याहून कंटाळवाणी असली तरी पोलीस ठाण्यात तीच विचारली जाते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२अ प्रमाणे सेन्सॉर प्रमाणपत्र आवश्यक असलेल्या चित्रपटाच्या डिस्कमध्ये ती चालवताना दिसेल अशी, तसेच तिच्या वेष्टनावर त्या प्रमाणपत्राची प्रत, डिस्क काढणाऱ्याचे व हक्कधारकाचे नाव-पत्ता, आणि हक्कधारकाची संमती घेतल्याची घोषणा असावी लागते. गीतकार, संगीतकार यांच्याशी लेखी करार करावा व त्यात मुदत स्पष्ट घालावी. मुदत न घातल्यास कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण केवळ पाच वर्षांचे धरले जाते. हक्काची नोंदणी सक्तीची नाही, परंतु ५,००० रुपये शुल्कात होणारी ही नोंदणी मालकी दाखवताना उपयोगी पडते.

चोरटी प्रत सापडल्यास दुकानदाराशी हुज्जत घालू नये. एक प्रत विकत घ्यावी, शक्य असल्यास पावती घ्यावी, सोबत एखादा साक्षीदार ठेवावा आणि घरी येऊन ते चार शॉट वहीशी ताडून पाहावेत. त्यानंतर तक्रार द्यावी: कलम ६४ प्रमाणे उपनिरीक्षक व त्यावरील दर्जाचा अधिकारी वॉरंटशिवाय प्रती जप्त करू शकतो, आणि कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद व ५०,००० ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. छापील डिस्कवर सीएसएस घातलेले असेल, तर हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडल्याबद्दल कलम ६५अ वेगळे लागू शकते. त्या फुटक्या कुलपाचा उरलेला उपयोग एवढाच. नुकसानभरपाईचा दावा कलम ६२ नुसार निर्मात्याला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाखल करता येतो, मुंबई गाठावी लागत नाही. प्रत इंटरनेटवर चढली असेल, तर त्या संकेतस्थळाला लेखी तक्रार द्यावी. योग्य तक्रार पोहोचल्यावर ३६ तासांत दुवा बंद करणे अपेक्षित असते, मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश सादर केला नाही, तर तो पुन्हा उघडला जाऊ शकतो.