नवं वॉशिंग मशीन घेण्याआधी
जुनं मशीन बंद पडलं की आपण थेट दुकान गाठतो. त्याआधी टेप घेऊन ड्राय बाल्कनीत जा. फ्रंट लोड मशीन साधारण 60 सेंटीमीटर रुंद असतं. ते कोपऱ्यात मावतं, पण दारातच अडतं, म्हणून चौकट आतून मोजा.

सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल तर नळाचा जोर आवर्जून बघा. बऱ्याच फ्रंट लोड मशीनना 0.3 बार दाब लागतो, म्हणजे गच्चीवरची टाकी नळापेक्षा निदान 3 मीटर उंच हवी. आमची टाकी अगदी डोक्यावर. पाण्याची बारीक धार यायची, मशीन मध्येच एरर दाखवून थांबायचं. शेवटी प्रेशर पंप बसवला.

‘ड्रायर’ म्हणजे नेमकं काय, हे दुकानात स्पष्ट विचारा. सेमी-ऑटोमॅटिकचा ड्रायर कपडे फक्त पिळतो, दोरीवर टाकावेच लागतात. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात जीन्सच्या कमरपट्ट्याला येणारा तो कुबट वास टाळायचा असेल, तर गरम हवेचाच ड्रायर हवा. वॉशर-ड्रायर एकत्र घेताना सुकवण्याची क्षमता वेगळी वाचा. 8 किलो धुणारं मशीन बहुधा 5-6 किलोच सुकवतं. आणि मशीन ठेवायच्या जागी 16 अँपिअरचा, म्हणजे जाड पिनांचा, सॉकेट आहे ना?