सीट-हीटर बसवायला शिकताय? आधी फोमची खाच मोजा

एप्रिल-मेमध्ये जीपच्या सीटवर टॉवेल अंथरून बसावं लागतं, अशा मुलखात सीट गरम करायचं काम शिकून करायचं काय, असं नव्या पोरांना वाटतं. गिऱ्हाईक मात्र येतं. संभाजीनगर, लातूर, नांदेडचे थार-जिम्नीवाले स्पीती-लडाखला निघतात आणि निघायच्या आठ दिवस आधी त्यांना सगळं आठवतं. परभणीकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा उतरला की ताडपत्रीच्या हुडाच्या जीपमधून मोंढ्यावर निघालेल्या माणसाची कंबर धरते. त्याला कंबरेला शेक हवा असतो, बाकी काही नाही.

आयटीआयचं मेकॅनिक मोटर व्हेइकल झालंय, किंवा दोन वर्षं कुण्या उस्तादाच्या हाताखाली वायरिंग केलंय, फॉगलॅम्पची रिले लावता येते, एवढं गृहीत धरतो. मग घाबरायचं कारण नाही, कारण सर्किट तेच आहे. रिलेच्या ३० नंबरच्या पिनवर बॅटरीचा प्लस फ्यूजमधून, ८७ वरून सीटमधला गरम होणारा पॅड, ८६ वर इग्निशनचा करंट, ८५ अर्थ. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. ट्रिगर इग्निशनवरच घ्या. इंजिन चालू असताना दोन्ही सीट मिळून ११ अँपिअर ओढतात, बंद असताना व्होल्ट कमी म्हणून दहाच्या आसपास; म्हणजे गाडी बंद करून तीन तास बटण चालू राहिलं तर तीसेक अँपिअर-तास गेले. साठ अँपिअर-तासाच्या बॅटरीतून तेवढे गेल्यावर सकाळी धक्काच मारावा लागेल.

हा ११ चा आकडा आला कुठून, ते बघा. एका सीटला दोन पॅड, एक बैठकीचा, एक पाठीचा. नेहमीच्या कार्बन पॅडला साधारण ५ ओहम मिळतात. दोन पॅरलल जोडले की अडीच ओहम. इंजिन चालू असताना १४ व्होल्ट धरले तर ५.६ अँपिअर, म्हणजे सीटमागे ७८ वॉट. दोन सीटला ११.२. मेन वायर २.५ चौरस मिलिमीटरची, सीटला जाणारी दीडची, फ्यूज १५ चा. तीन मीटरच्या लांबीत पाऊण चौरसची बारीक वायर टाकली तर नुसत्या प्लसच्या बाजूला पाऊण व्होल्ट खाल्ला जातो. अडीचच्या वायरीत पाव व्होल्टही जात नाही. तुमच्या किटचे ओहम वेगळे निघाले तर हिशेब त्यावर नव्याने करा. किटमधली वायर बारीक वाटली तर बदला, त्यात कसला कमीपणा नाही. सिगारेट लायटरच्या वायरीतून टॅप मारायचा आणि फ्यूज उडाला की २० चा टाकायचा, हा उद्योग शिकवणारा उस्ताद भेटला तर त्याच्याकडून दुसरं काहीही शिका, वायरिंग शिकू नका.

आता खरी गोष्ट. नव्या माणसाचं काम वायरिंगमध्ये फसत नाही, ते कुशनमध्ये फसतं.

सीटचं कव्हर उघडलं की फोममध्ये आडव्या-उभ्या खाचा दिसतात. कव्हरच्या आतल्या बाजूला शिवलेली तार त्या खाचेत ओढून हॉग रिंगने, म्हणजे पकडीने दाबून बंद करायच्या धातूच्या कडीने, तळाच्या तारेला बांधलेली असते, म्हणून सीटला तो उठावाचा आकार येतो. बाजारातला पॅड साधारण २८ सेंटीमीटर रुंद आणि चांगला लांब असतो. फोमवर ठेवला की तो खाचेवरून पलीकडे जातो. दिसायला झकास बसतो, डबल टेपने चिकटतोही. मग कुशनवाला कव्हर चढवतो, रिंग ओढतो, आणि पॅड खाचेत दुमडून जातो. कधी रिंग पॅडला भोक पाडून जाते. भोक पडलं तर निदान काहीतरी बिघडलेलं कळतं. दुमडलेला पॅड मात्र काहीच कळू देत नाही.

असं का, हे नीट समजून घ्या. दुमड पडली म्हणून करंट वाढत नाही. तेवढेच ओहम, तेवढेच अँपिअर, म्हणून फ्यूज गप्प. थर्मोस्टॅट, म्हणजे फार तापलं की करंट तोडणारा स्विच, पॅडच्या मध्यावर एका जागी शिवलेला असतो. त्याला फक्त त्याच्या जागेचं तापमान कळतं, चार बोटं पलीकडच्या खाचेत काय शिजतंय ते नाही. म्हणून तोही गप्प. आणि खाचेत पॅडचे दोन थर एकमेकांवर, दोन्हीकडून फोम, वर कव्हर घट्ट ओढलेलं. फोम उष्णतेला बाहेर जाऊ देत नाही. तेवढ्या पट्टीत दुप्पट उष्णता तयार होते आणि बाहेर पडायला वाट नाही. टेबलावर चार्जर लावून पॅड तपासला होता तेव्हा तो सपाट होता, म्हणून पास झाला. मल्टिमीटर आताही बरोबर आकडा दाखवतो. फोम आतून पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो, मग कव्हरवर बोटभर लांबीचा तपकिरी डाग येतो. थार-जिप्सीत सीटवर गुडघा टेकून मागचं सामान काढायची सवय प्रत्येकाला असते, त्याने दुमड आणखी पक्की होते, कार्बनचे धागे तुटायला लागतात आणि उरलेल्या धाग्यांवर भार येतो.

म्हणून किट मागवायच्या आधी सीटचं कव्हर उघडून खाच ते खाच सपाट जागा टेपने मोजा. पॅड त्या सपाट जागेपेक्षा दोन्हीकडून बोटभर कमी हवा. मोठा असेल तर कापता येतो, पण फक्त कार्बनचा, तोही त्यावर छापलेल्या खुणेवरच. कडेने जाणारी तांब्याची पट्टी तुटली तर पॅड कचऱ्यात. तारेचा पॅड अजिबात कापायचा नाही. तो स्वस्त आहे म्हणून आणणारे बरेच आहेत, तुम्ही त्यात जाऊ नका. कापल्यावर ओहम थोडे वाढले पाहिजेत, कारण धागे कमी झाले. कमी झाले असतील तर कुठेतरी शॉर्ट आहे, पुढे जाऊ नका.

कुशनवाला कव्हर चढवताना तिथे उभे राहा. ‘तू चहा पिऊन ये, मी बसवतो’ म्हणाला तरी. त्याचा हात तुमच्यापेक्षा कितीतरी सफाईदार आहे, पण पॅड कुठे संपतो हे त्याला माहीत नाही. फोमवर मार्करने पॅडची कड आखून ठेवा. जुन्या रिंगा परत वापरू नका, नव्या रिंगा हॉग रिंगच्या पकडीनेच दाबा. झिप टायने बांधणारे आहेत. टायचं डोकं कव्हरमधून टोचतं, तेव्हा गिऱ्हाईक शिव्या तुम्हालाच देतं.

मग परीक्षा. सीटवर घोंगडी टाका, वर ज्वारीचं पन्नास किलोचं पोतं. इंजिन चालू, बटण हायवर, दहा मिनिटं. पोतं उचलून लगेच तळहात फिरवा, खाचेच्या कडेने विशेष. एक रेघ बाकीपेक्षा चटका देत असेल तर कव्हर पुन्हा उघडायचं, कितीही जिवावर आलं तरी. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम, नसेल तर हात पुरतो. करंट मोजायला डीसी क्लॅम्प मीटर लागतो; घरगुती वायरमनचा एसीवाला क्लॅम्प इथे शून्य दाखवेल आणि तुम्ही उगाच रिले बदलत बसाल.

सीट काढण्याबद्दल थोडक्यात, पण हलक्यात घेऊ नका. बॅटरीचा मायनस काढा, दहा मिनिटं थांबा, मग सीटखालचे कप्लर, म्हणजे वायरींचे जोड, सोडवा. पिवळा कप्लर म्हणजे एअरबॅग, त्याला मल्टिमीटर कधीही लावायचा नाही. जिम्नीसारख्या सहा एअरबॅगच्या गाडीत पुढच्या सीटच्या बाजूलाच एअरबॅग असते. पाठीचा पॅड, टेप, वायर काहीही त्या कडेला जाता कामा नये. शेजारच्या सीटच्या बैठकीत माणूस बसल्याचं ओळखणारा सेन्सर असतो, पॅड त्यावर आला की रिकाम्या सीटवर बेल्टची पीप-पीप सुरू होऊ शकते. सेन्सर एअरबॅगशी जोडलेला असेल तर तिथे बैठकीचा पॅड बसवू नका, पाठीचाच बसवा आणि गिऱ्हाइकाला सरळ सांगा. सीटचे बोल्ट कंपनीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळायचे, अंदाजाने नाही.

जीप आहे हे विसरू नका. पावसाळ्यात गौताळ्याच्या बाजूला फिरून आलेल्या गाडीचं कार्पेट वर करून बघा, काळ्या मातीचा चिखल पेंडीसारखा बसलेला असतो. तिथे कप्लर ठेवला तर दोन महिन्यांत हिरवा पडेल. कप्लर सीटच्या फ्रेमला वर बांधा, वायर कॉरुगेटेड पाइपमधून घ्या, रिलेचं तोंड खाली. तीन दारी थारमध्ये मागे बसायला शेजारची सीट पुढे पडते आणि सरकते. सीट दोन्ही टोकांना नेऊन बघा, वायर ताणली नाही आणि रुळात आलीही नाही पाहिजे. अर्थ सीटच्या रुळावरून घेणं हा आवडता शॉर्टकट आहे. रुळावर रंग, ग्रीस आणि धूळ, सगळं असतं. बॉडीचा रंग खरवडून, लग मारून, बोल्टखाली अर्थ द्या. पॅड चालू असताना काळ्या वायरीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ पुन्हा करा.

गिऱ्हाइकाला दोन गोष्टी विचारायच्याच. गाडी वॉरंटीत आहे का, कारण पुढे इलेक्ट्रिकलचा क्लेम कंपनी नाकारू शकते. आणि बसणाऱ्याला शुगर आहे का. कंबरेच्या शेकासाठी येणाऱ्यांत वयस्कर माणसं जास्त. जुन्या मधुमेहात कातडीची जाणीव कमी होते, आणि ४४ अंशांची ऊबही तासन्‌तास एका जागी लागली तर भाजतं. अशा माणसाला लो वरच ठेवायला सांगा आणि पंधरा मिनिटांनी बंद करायला सांगा. धंदा जातो असं वाटतं, पण जात नाही.

आणि मेमध्ये फोन येईल, ‘मिस्त्री, सीट गरमच होत नाही.’ गाडी उन्हात उभी होती का, ते विचारा. सीट आधीच पन्नासावर असेल तर थर्मोस्टॅट पॅडला करंट देणारच नाही. त्यांना पहाटे सहाला बटण दाबून बघायला सांगा.