फाइल कोणत्या पॅकेजच्या नावावर आहे, हे कसे पाहावे

लातूर जिल्ह्यातील एका शाळेच्या संगणक कक्षात जागा मोकळी करण्याच्या नादात कोणीतरी एक अनोळखी फाइल पुसली आणि दुसऱ्या दिवशी एका पानात बसणारी मराठी प्रश्नपत्रिका दोन पानांवर गेली. ती फाइल लोहित देवनागरी या फॉन्टची होती. उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स संगणकप्रणालींवर प्रोग्राम, फॉन्ट वगैरे पॅकेजच्या, म्हणजे फाइलींच्या एकत्रित गठ्ठ्याच्या, रूपात बसवले जातात; कोणती फाइल कोणत्या पॅकेजची, याची नोंद डीपीकेजी हे साधन ठेवते. आपल्या भागात सातबारा न पाहता कोणी जमिनीचा व्यवहार करत नाही. फाइलींच्या बाबतीतही तेच धोरण बरे.

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी, उघडावी; उबुंटूवर ती कंट्रोल, ऑल्ट आणि टी ही बटणे एकत्र दाबून उघडते. आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत टंकायच्या आहेत. डीपीकेजी, मग जागा सोडून आडवी रेघ व तिला लागून कॅपिटल एस, पुन्हा जागा सोडून फाइलीचा पूर्ण मार्ग, म्हणजे फोल्डरांसह तिचा पत्ता, असे लिहून एंटर दाबल्यास मालक पॅकेजचे नाव विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांच्या आधी दिसते. हा झाला सातबारा. एस ऐवजी कॅपिटल एल आणि मार्गाऐवजी पॅकेजचे नाव दिले, तर त्या पॅकेजच्या सर्व फाइलींची यादी मिळते, म्हणजे खातेदाराचा आठ-अ. स्मॉल एल मात्र वेगळा आहे. तो पॅकेजची स्थिती सांगतो, आणि नवशिक्यांची गफलत बहुधा इथेच होते.

मालक सापडला नाही, म्हणून फाइल निरुपयोगी ठरत नाही. आपण स्वतः तयार केलेल्या किंवा प्रोग्रामने चालताना निर्माण केलेल्या फाइली या नोंदीत नसतात.

कागदावरची नोंद आणि प्रत्यक्ष जागा जुळते का, हे पाहायचे तर मोजणी करावी लागते. त्यासाठी कॅपिटल व्ही आणि पॅकेजचे नाव द्यावे. हरवलेल्या फाइलीपुढे ‘मिसिंग’ असे येते, तर मजकूर बदललेल्या फाइलीच्या ओळीत प्रश्नचिन्हांमध्ये ५ हा आकडा दिसतो. त्याच ओळीत सी हे अक्षर असेल, तर ती सेटिंगची फाइल असते; तिच्यातील बदल बहुधा आपणच केलेला असतो, त्यामुळे घाबरू नये.

इथवरच्या चौकशीला सहसा पासवर्ड लागत नाही, दुरुस्तीला लागतो. शाळेत सुडो, एपीटी, इन्स्टॉल, दोन आडव्या रेघांना लागून रीइन्स्टॉल आणि शेवटी पॅकेजचे नाव, अशी आज्ञा दिली. नंतर मोजणी पुन्हा केली, तेव्हा पडद्यावर एकही ओळ आली नाही. सर्व जुळत असेल तर डीपीकेजी काहीच बोलत नाही. प्रश्नपत्रिका बंद करून पुन्हा उघडली, ती एका पानात बसली.