ट्रकच्या नोंदी वेळेत जपून ठेवायला लावल्या, म्हणून दावा उभा राहिला

भावाच्या गाडीला ट्रकने मागून ठोकलं. मालकाचं पालुपद एकच: "ब्रेक अचानक फेल झाले, आमचा काय दोष?" वकीलबाईंनी भरपाईचा आकडा बाजूला ठेवून आधी लेखी नोटीस धाडली: ट्रक दुरुस्त करू नका, भंगारात देऊ नका, इंजिनच्या कॉम्प्युटरमधला डेटा आणि चालकाच्या ड्युटीच्या नोंदी जपून ठेवा. ट्रक पुन्हा रस्त्यावर आला की हा डेटा पुसला जाऊ शकतो, म्हणून ही घाई. मग खरी गंमत! नोंदवहीत चालक "विश्रांती" घेत होता, नेमकी त्याच वेळेची डिझेलची पावती निघाली. ब्रेकचे लायनर, म्हणजे घासून चाक थांबवणारे पट्टे, पार रिव्हेटपर्यंत झिजलेले, तपासणीच्या कागदावर मात्र "ठीक". विमा कंपनीचा सूर तिथून बदलला. आता दाव्यात चालकासोबत मालकही प्रतिवादी आहे.