मधपेटी आणण्याआधीची तयारी : नाशिक भागासाठी

पेटीचे पैसे भरण्याआधी एक वही करा आणि आपल्या आसपास कोणत्या महिन्यात काय फुलतं, कशावर काय फवारलं जातं, ते लिहून काढा. सातेरी, म्हणजे आपली देशी पाळीव माशी, साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरच्या आत चरते, मेलिफेरा ही परदेशी पाळीव माशी त्याहून लांब जाते. तेवढा टापू पायी फिरून बघाच. पेठ-सुरगाण्याकडे पावसाळा सरता सरता खुरासणी पिवळी होते, उन्हाळ्यात जांभूळ, करंज. निफाड-दिंडोरीत मात्र ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत फवारणीला उसंत नसते. द्राक्षाला फळधारणेसाठी माशीची गरजही फारशी नाही, त्यामुळे बागेच्या बांधाला पेटी ठेवू नका. कांदा बियाण्याचा प्लॉट असेल तर गोष्ट उलटी. डोंगळ्याच्या (कांद्याच्या फुलदांड्याच्या) फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतो, म्हणून बी भरायला माशी लागतेच. तिथला शेतकरी पेटी मागून घेईल. फवारणी संध्याकाळी, माश्या परतल्यावर करायची, हे त्याच्याशी आधीच ठरवा.

मग प्रशिक्षण. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था, खादी ग्रामोद्योग मंडळाचं महाबळेश्वरचं मध संचालनालय, किंवा जवळचं कृषी विज्ञान केंद्र, इथे चौकशी करा. चित्रफिती बघून हात बसत नाही. सुरुवात सातेरीने आणि दोन पेट्यांनी करावी, असं माझं ठाम मत आहे. एक वसाहत कमजोर पडली तर दुसरीतली अंडी-पिल्लांची फणी (मेणाच्या पोळ्याची चौकट) उचलून देता येते.

साहित्य : जाळीचा बुरखा, धुराडं, चौकटी सुट्या करायला पटाशी, फिकट रंगाचे सैल कपडे. अत्तर नको. धुराड्यासाठी सुक्या नारळाच्या शेंड्या साठवा. स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर मुंग्या वसाहत पळवून लावतील. सकाळचं ऊन, दुपारची सावली आणि जवळ दगड टाकलेलं उथळ पाणी हवं.

फणी तपासताना ऊन पाठीवर घ्या आणि मेणाच्या घरांच्या तळाशी नीट बघा. बारीक पांढरी, दोऱ्याच्या तुकड्यासारखी उभी अंडी दिसली, तर राणी गेल्या तीन दिवसांत तिथे होती, कारण तीन दिवसांत अंड्यातून अळी निघते. दर वेळी राणी शोधत बसायची गरज नाही. पेटी जितका कमी वेळ उघडी राहील तितकं बरं.

घरात कुणाला डंखाची ॲलर्जी आहे का, ते आधी विचारून घ्या. डंख लागला तर नखाने लगेच खरवडून काढा आणि जागा धुवा, डंखाच्या वासाने बाकीच्या माश्या चवताळतात. दम लागला, अंगभर गांधी उठल्या, तर थेट दवाखाना.

पावसाळ्यासाठी साखर बाजूला काढून ठेवा. इगतपुरी-त्र्यंबककडे झड लागली की माश्यांना बाहेर पडता येत नाही. साखर आणि पाणी सारखं घेऊन केलेला पाक संध्याकाळी, सांडू न देता द्या. सांडला तर शेजारच्या वसाहतीतल्या माश्या लुटायला येतात. याच दिवसांत तळपाट (पेटीची तळाची फळी) दर आठवड्याला झाडा, मेणकिडा तिथल्याच कचऱ्यात वाढतो.

मधयंत्र (फणीतून मध काढायचं यंत्र) पहिल्या वर्षी विकत घेऊ नका, गरज पडली तर कुणाचं तरी मागून आणा. मध फक्त पेटीच्या वरच्या मधकोठीतला (मध साठवायच्या कप्प्यातला) काढायचा, तोही फणीची बहुतेक घरं मेणाने बंद झाल्यावर. खालच्या पिल्लांच्या कोठ्याला हात लावायचा नाही.