गावाला बस पुरेल का, हे कसे तपासावे: गोव्यातील ग्रामस्थांसाठी मार्गदर्शन

गोव्याच्या खेड्यात स्वतःच्या गाडीवाचून भागेल का, असे विचारले की बहुतेक जण हसतात आणि उरलेले सरकारला दूषणे देतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीनुसार गोव्यातील सुमारे 45 टक्के कुटुंबांकडे मोटारगाडी आहे आणि देशातील इतर कोणत्याही राज्यापेक्षा हे प्रमाण जास्त आहे; संपूर्ण भारताची सरासरी आठ टक्क्यांच्या आसपास भरते. ही केवळ सुबत्ता आहे असे मला वाटत नाही. संध्याकाळी घरी परत कसे यायचे, या एका प्रश्नाचे उत्तर म्हणून पुष्कळांनी हप्ते काढून गाडी घेतलेली आहे. संपूर्ण राज्यासाठी हा प्रश्न विचारला तर हाती वादाखेरीज काही लागत नाही. एका गावापुरता विचारला तर मात्र तो मोजून सोडवता येतो, आणि ती मोजणी कशी करावी व तिच्या आधारे बस कशी मिळवावी, हे येथे मांडले आहे.

परतीपासून सुरुवात

गावात सकाळी किती बस येतात, यावरून गावाची सोय ठरवण्याची पद्धत चुकीची आहे. सकाळी सात ते नऊ या वेळेत खासगी बसवाल्यालाही प्रवासी मिळतात, त्यामुळे ती फेरी सहसा चुकत नाही. दुपारी गाडी रिकामी धावते म्हणून ती फेरी कापली जाते, आणि अंधार पडल्यावर मालकाला डिझेलही सुटत नाही म्हणून शेवटची बस हळूहळू आठवरून साडेसातवर, साडेसातवरून सातवर येते. ज्याची कामाची पाळी साडेसातला सुटते, त्याच्या दृष्टीने अशा गावात दिवसभरात दहा बस असल्या काय आणि एकही नसली काय, सारखेच. कारण परतीची खात्री नसेल तर माणूस जातानाही बसने जात नाही. एक शेवटची बस गेली की तिच्यासोबत सकाळच्या बसचे प्रवासीही जातात.

म्हणून प्रत्येक वाड्यावरच्या दोघातिघांनी एक वही घेऊन एक आठवडाभर घरोघरी नोंद करावी. कोण जातो, कुठे जातो, किती वाजता परततो आणि सध्या कशाने जातो, एवढे चार रकाने पुरतात. ‘बस सुरू झाली तर वापराल का?’ हा प्रश्न चुकूनही विचारू नये, कारण त्याला सगळे ‘हो’ म्हणतात आणि त्या होकारावर सुरू झालेली बस महिनाभरात रिकामी धावू लागते. ‘गेल्या सोमवारी किती वाजता निघालात आणि किती वाजता घरी पोहोचलात?’ असे विचारावे. घरातील स्त्रियांना आणि वृद्धांना वेगळे विचारावे. जे प्रवास वाहनाअभावी होतच नाहीत, ते त्यांच्याकडूनच कळतात. मुलगा सुट्टीवर असेल त्याच दिवशी आईला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात तपासणीला जाता येत असेल, तर ही नोंद कोणत्याही वाहनाच्या रकान्यात दिसत नाही. ती स्वतंत्र पानावर लिहून ठेवावी.

हिशेब

समजा, सत्तरी तालुक्यातील एक गाव वाळपईपासून दहा किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन वीस किलोमीटर झाले. चढउताराच्या रस्त्यावर मिनीबस लिटरला पाच किलोमीटर देते असे धरले, तर एका फेरीला चार लिटर डिझेल लागते; डिझेलचा दर सोयीसाठी 90 रुपये धरल्यास ते 360 रुपये झाले. भाडे माणशी 20 रुपये असेल, तर जाता-येता मिळून अठरा प्रवासी बसले तेव्हा कुठे डिझेल सुटले. ड्रायव्हर, कंडक्टर, टायर, विमा आणि कर्जाचा हप्ता यांचा विचार अजून झालेलाच नाही. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या रस्त्याचे अंतर आणि अधिसूचित भाडे घालून प्रत्येक गावाने ते पुन्हा मांडावेत. एवढे मांडले की बसवाल्याला शिव्या देण्याचा उत्साह थोडा ओसरतो आणि कोणती फेरी स्वतःच्या पायावर उभी राहील व कोणत्या फेरीला आधार लागेल, हे कागदावर दिसू लागते.

दुसरा हिशेब घरचा. सात लाखांची गाडी दहा वर्षांनी दोन लाखांना विकली, तर वर्षाला 50,000 रुपये नुसती किंमत उतरण्यात जातात. विमा, सर्व्हिसिंग, टायर, किरकोळ दुरुस्ती यांचे 30,000 धरावेत. महिन्याला पाचशे किलोमीटर, लिटरला पंधरा किलोमीटर आणि पेट्रोल शंभर रुपये धरले तर वर्षाचे इंधन 40,000 रुपयांचे होते. म्हणजे महिन्याला साधारण दहा हजार रुपये, किलोमीटरला वीस रुपये. लोक पेट्रोलचे पैसे मोजतात आणि बाकीचे विसरतात, म्हणून त्यांना बस महाग वाटते. तरीही माझे मत असे आहे की ज्या घरात एकच गाडी आहे त्या घराला ती विकायला सांगू नये. बसने घरातील दुसरे वाहन अनावश्यक ठरवले आणि तिसरे घेण्याची पाळी येऊ दिली नाही, तरी पुष्कळ झाले. रात्रीचे आजारपण, लग्नकार्य, चतुर्थीचे सामान, बागायतीतून आणायचे नारळ आणि सुपारीची पोती यांसाठी गाडी लागणारच. तातडीच्या आजारपणात 108 ची रुग्णवाहिका असली, तरी ज्या वाड्यावर मोबाईलची रेंज येत-जात असते तेथील माणूस दारात गाडी ठेवणे पसंत करतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

वस्तीची बस मागावी

फेऱ्या वाढवून मागण्याआधी वस्तीची बस मागावी, असे मी आग्रहाने सुचवेन. रात्री शेवटची फेरी करून गावातच मुक्काम करणारी आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघणारी बस एकाच दगडात दोन पक्षी मारते: पाळीवरून येणारा कामगार घरी पोहोचतो आणि सकाळच्या वर्गाला जाणारा विद्यार्थी वेळेत निघतो. रात्रीची रिकामी परत जाणारी आणि पहाटे रिकामी येणारी खेपही वाचते, त्यामुळे वरच्या हिशेबातील तूट बरीच कमी होते. अडचण असते ती ड्रायव्हर-कंडक्टरच्या निवाऱ्याची. पंचायतीच्या सभागृहात किंवा देवस्थानच्या अग्रशाळेत (भाविकांच्या मुक्कामाच्या इमारतीत) पंखा, दिवा, पाणी, स्वच्छतागृह आणि कुलूप लावता येईल अशी एक खोली, तसेच बस वळवण्याएवढी सपाट व उजेडाची जागा गावाने आधीच दाखवली, तर अर्जाला वजन येते. जागेचे छायाचित्र आणि तेथपर्यंतच्या रस्त्याची सर्वांत अरुंद ठिकाणची रुंदी अर्जासोबत जोडावी. वाड्यांवरच्या वळणांवर पन्नास आसनी गाडीचा हट्ट धरू नये. तिथे मिनीबसच चालते.

जोडणी

गावातून थेट पणजीला बस, ही मागणी ऐकायला चांगली आणि टिकायला अवघड. वाळपई, साखळी, कुडचडे किंवा काणकोणची चावडी अशा जवळच्या स्थानकावर पोहोचवणारी छोटी बस आणि तेथून मिळणारी मोठी बस यांच्या वेळा जुळल्या, तर एका थेट बसऐवजी दिवसातून अनेक वेळा पणजी किंवा मडगाव गाठता येते. त्यासाठी जोडबसची, म्हणजे स्थानकावरून मिळणाऱ्या मोठ्या बसची, वेळ आधी पाहून गावातील बसची वेळ त्यावरून ठरवावी आणि दोहोंत दहा ते पंधरा मिनिटांचा अवधी ठेवावा. वेळापत्रकावर पाच मिनिटे ठेवली की पावसाळ्यात जोडबस हमखास चुकते. थिवी, बाळ्ळी, सावर्डे, कुळे या रेल्वे स्थानकांजवळच्या गावांनी गाड्यांच्या वेळाही नोंदीत घ्याव्यात. दिवाडी आणि चोडणच्या लोकांना हे शिकवावे लागत नाही. फेरीबोटीच्या वेळेवर त्यांचा दिवस बेतलेला असतो आणि पायी प्रवाशाला तेथे भाडेही द्यावे लागत नाही. फेरी धक्क्यावर लागल्यावर समोर बस उभी आहे की नाही, एवढेच तेथे पाहायचे.

कोणाकडे आणि काय मागायचे

सगळ्यात आधी ग्रामसभेत ठराव घ्यावा. ‘बससेवा सुधारावी’ असा मोघम ठराव फायलीत पडून राहतो. मार्ग, थांबे, सुटण्याची व परतण्याची वेळ, वहीतून निघालेली प्रवाशांची संख्या आणि मुक्कामाची जागा हे सारे ठरावाच्या मजकुरातच यावे. ठरावाची प्रत राज्य सरकारच्या कदंब परिवहन महामंडळाला, वाहतूक खात्याला आणि आमदारांना द्यावी व प्रत्येक ठिकाणी पोच घ्यावी. विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या भाड्यासाठी 1979 मध्ये झालेल्या आंदोलनानंतर 1980 मध्ये कदंब महामंडळ उभे राहिले, हे ज्येष्ठांना आठवत असेल. गोव्यात बसची मागणी ही राजकीय मागणी आहे याचा संकोच बाळगू नये.

मार्गावर खासगी बसला परवाना असूनही ती फेरी मारत नसेल, तर उपाय वेगळा आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 72 नुसार टप्पा वाहतुकीचा (थांब्याथांब्यावर प्रवासी घेणाऱ्या बसचा) परवाना देताना दिवसाच्या किमान फेऱ्यांची, मंजूर वेळापत्रक गाडीत व थांब्यांवर लावण्याची आणि त्या वेळेनुसार गाडी चालवण्याची अट घालता येते. अटी मोडल्यास कलम 86 नुसार परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. म्हणून माहिती अधिकार कायदा 2005 खाली दहा रुपये भरून आपल्या मार्गावरील परवान्याची, त्यातील अटींची आणि मंजूर वेळापत्रकाची प्रत मागावी. उत्तर देण्याची मुदत सामान्यतः 30 दिवसांची असते. मंजूर वेळ हातात आल्यावर न आलेल्या फेऱ्यांची तारीखवार नोंद ठेवून तक्रार करावी. मात्र तक्रारीपूर्वी मालकाशी एकदा बोलून घ्यावे. वरचा डिझेलचा हिशेब दोघांनी समोरासमोर मांडला, तर दुपारची फेरी सोडून देऊन त्याबदल्यात संध्याकाळची मिळू शकते, आणि तो बदल खात्याकडून रीतसर मंजूर करून घेता येतो.

तूट कोण भरणार, हा प्रश्न येणारच. केरळमध्ये जुलै 2022 मध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील कोल्लयिल पंचायतीपासून ‘ग्रामवंडी’ योजना सुरू झाली. तीत डिझेलचा खर्च स्थानिक स्वराज्य संस्था उचलते आणि गाडी, कर्मचारी व देखभाल राज्य परिवहन महामंडळाकडे राहते. मार्ग आणि वेळा ठरवण्यात पंचायतीचा शब्द चालतो, हे तिचे खरे बळ. गोव्यातील 191 पंचायतींपैकी अनेकांचे उत्पन्न तुटपुंजे आहे, म्हणून एकाच रस्त्यावरच्या तीन-चार पंचायतींनी मिळून असा प्रस्ताव दिला तरच तो पेलवेल.

शाळांच्या बालरथांकडेही, म्हणजे विद्यार्थ्यांची ने-आण करणाऱ्या बसकडेही, सर्वांचे लक्ष जाते, कारण मुलांना सोडल्यावर त्या गाड्या दुपारपर्यंत उभ्या असतात. विचार योग्य आहे, पण परस्पर प्रवासी बसवू नयेत. त्या गाडीचा परवाना व विमा विद्यार्थ्यांच्या वाहतुकीपुरता असतो आणि अपघात झाला तर भरपाईचा प्रश्न गावाच्या गळ्यात पडतो. शिक्षण खाते आणि वाहतूक खाते या दोहोंची लेखी परवानगी मिळाल्यावरच पुढे जावे.

पहिले सहा महिने

बस मिळाली की प्रायोगिक काळ सहा महिन्यांचा मागावा आणि त्यात पावसाळ्याचे किमान दोन महिने येतील असे पाहावे, कारण दुचाकी चालवणारे खरे प्रवासी तेव्हाच बसकडे वळतात. मे महिन्यात सुरू झालेली सेवा शाळा-महाविद्यालये बंद असल्याने रिकामी दिसते आणि त्या आकड्यांवर ती बंदही पडते. वाड्यांचा एक व्हॉट्सॲप गट करून त्यात कंडक्टरला घ्यावे. बस मागच्या गावातून सुटली एवढा एक निरोप आला, तरी थांब्यावर भिजत उभे राहणे वाचते. थांब्याला छप्पर आणि दिवा नसेल तर ते काम पंचायतीने याच काळात करून घ्यावे. दर महिन्याला फेरीनिहाय प्रवासी मोजावेत, आणि एखादी फेरी सलग तीन महिने रिकामी गेली तर ती सोडत असल्याचे गावानेच लेखी कळवून तिच्या जागी शेवटची बस अर्ध्या तासाने पुढे ढकलून मागावी.