काम्यू, नीत्शे, बोर्खेस: परदेशी नावं इंग्रजीला वळसा घालून कशी उच्चारायची

मी दोन वर्षं ‘अल्बर्ट कामुस’ म्हणत होतो. एकट्याने वाचताना काहीच अडलं नाही, पण एकदा चारचौघांत ‘कामुसचं म्हणणं असं की’ अशी सुरुवात केली आणि समोरच्याला वाटलं मी कुणा कामसू माणसाचं कौतुक करतोय. या फ्रेंच लेखकाचं नाव आहे अल्बेर काम्यू, शेवटचा एस नुसता लिहायला. त्यानंतर मी जरा नाद लावून घेतला आणि लक्षात आलं की आपली बहुतेक चूक एकाच ठिकाणी होते: नाव फ्रेंच, जर्मन नाहीतर पोलिश असतं आणि आपण ते इंग्रजी समजून वाचतो. तर ही सवय कशी मोडायची ते सांगतो.

आधी नाव कुठल्या भाषेचं ते बघा

देश नाही, भाषा. रूसो जन्माला आला जिनिव्हात, काम्यू अल्जीरियात, पण दोघांची नावं फ्रेंच नियमानेच वाचायची. काफ्का प्रागचा, लिहायचा जर्मनमध्ये, आडनाव चेक (कावळ्याच्या जातीतल्या एका पक्ष्याचं नाव आहे ते), त्यामुळे इंग्रजी ‘कॅफ्का’ला काही आधार नाही. भाषा चुकली की सगळंच चुकतं. एस-झेड ही जोडी पोलिशमध्ये ‘श’ आणि हंगेरियनमध्ये ‘स’, आणि नुसता एस पोलिशमध्ये ‘स’ पण हंगेरियनमध्ये ‘श’, म्हणजे बरोब्बर उलटं! म्हणून १९९६ च्या नोबेलवाल्या पोलिश कवयित्री शिम्बोर्स्का, आणि २००२ चे हंगेरियन केर्तेस.

मग त्या भाषेचे तीन-चार नियम पाठ करा

अख्खी भाषा शिकायची गरज नाही.

फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटचे एस, टी, डी, एक्स बहुतेक वेळा गप्प असतात. उदाहरणार्थ फ्रेंच विचारवंत दिदरो (Diderot), फुको (Foucault). पण त्या व्यंजनानंतर ई आला तर ई स्वतः गप्प राहून व्यंजनाला बोलतं करतो, म्हणून तत्त्वज्ञ देकार्तमधला (Descartes) ‘त’ ऐकू येतो आणि त्यापुढचा एस नाही. समीक्षक बार्तचंही (Barthes) तेच, शिवाय तिथला टी-एच हा ‘थ’ नाही, साधा ‘त’. ए-यू आणि ई-ए-यू म्हणजे ‘ओ’, ओ-आय म्हणजे ‘वा’, म्हणून लेखिका सिमोन द बोव्वार (Beauvoir). आता एवढं शिकून हुशारी करत प्रूस्तला ‘प्रू’ म्हणायला जाऊ नका (मी गेलो होतो), तिथे एस आणि टी दोन्ही उच्चारतात. अपवाद आहेच, काय करणार. काम्यूमधला ‘यू’ सुद्धा खरं तर यू नाही: तोंडाने ‘ई’ म्हणत राहायचं आणि ओठ ‘ऊ’सारखे गोल करायचे. आरशासमोर करा, माकडासारखं दिसतं पण जमतं.

जर्मन त्या मानाने शिस्तीची. आय आणि ई जोडीने आले की दुसऱ्या अक्षराचं इंग्रजी नाव घ्यायचं: आय-ई म्हणजे ‘ई’ आणि ई-आय म्हणजे ‘आय’. एवढ्यावर तत्त्वज्ञ नीत्शेचा (Nietzsche) ‘नी’ आणि हायडेगरचा (Heidegger) ‘हाय’ दोन्ही सुटतात. ई-यू म्हणजे ‘ऑय’, म्हणून फ्रॉइड. जे म्हणजे ‘य’: युंग, वाल्टर बेन्यामिन. शब्दाच्या सुरुवातीचा एस-टी म्हणजे ‘श्ट’, आणि हा नियम जोडशब्दाच्या आतही लागतो, म्हणून विट्गेनश्टाइन.

स्पॅनिशमध्ये ई किंवा आयच्या आधीचा जी म्हणजे घशात घासलेला ‘ख’, म्हणून अर्जेंटिनाचे लेखक बोर्खेस (Borges). दोन एल म्हणजे साधारण ‘य’, म्हणून पेरूचे कादंबरीकार योसा (Llosa). आणि जाता जाता, १९८२ चं नोबेल मिळालेल्या लेखकाचं आडनाव ‘गार्सिया मार्केस’ असं पूर्ण आहे, नुसतं मार्केस म्हटलं तर फक्त आईकडचं आडनाव घेतल्यासारखं होतं.

रशियनमध्ये जोर कुठे ते महत्त्वाचं, कारण जोर नसलेला ‘ओ’ हा ‘अ’ होतो: तल्स्तोय, दस्तयेफ्स्की. डॅनिशबद्दल एवढंच की तत्त्वज्ञ किर्कगॉरमध्ये (Kierkegaard) शेवटी ‘ड’ नाही.

आता नाव देवनागरीत लिहून काढा

माझ्या मते ही सगळ्यात कामाची पायरी आणि हीच आपण टाळतो. रोमन अक्षरं डोळ्यासमोर असली की जीभ इंग्रजीकडेच वळते. आणि मराठीत असे आवाज आहेत की इंग्रजीवाल्याने हेवा करावा. फ्रेंच टी हा दातांना जीभ लावून म्हणायचा, म्हणजे आपला ‘त’, ‘ट’ नव्हे. जर्मन झेड म्हणजे ‘चूक’मधला च, ‘चार’मधला नाही, लायब्नित्सच्या शेवटी तोच आहे. नीत्शेमध्ये मात्र ‘चार’मधला. आणि जर्मन नावाच्या शेवटचा ई? तो ‘ए’ नाही आणि ‘ई’ पण नाही, तो आपल्या ‘केलं’, ‘गेलं’च्या शेवटी जो ओढलेला अ येतो ना, जवळपास तोच. म्हणजे नीत्शे खरा ‘नीचं’च्या जवळ जातो, आता हे मराठीत कसं म्हणायचं हा वेगळा प्रश्न! जर्मन कवी ग्योटंचंही (Goethe, मराठीत गटे) तसंच, फक्त पहिला स्वर ‘ए’ म्हणत ओठ ‘ओ’सारखे गोल करून काढायचा.

ऐकल्याशिवाय पक्कं करू नका

फोर्वो या उच्चारांच्या वेबसाइटवर ती भाषा जन्मापासून बोलणाऱ्यांची रेकॉर्डिंग मिळतात, विकिपीडियावरही बऱ्याच नावांपुढे ऑडिओ असतो. यूट्यूबवरचे ‘उच्चार शिका’ टाइपचे यंत्राच्या आवाजातले व्हिडिओ मी टाळतो, त्यात फ्रेंच नावसुद्धा बिनधास्त इंग्रजी वळणाने म्हटलेलं सापडतं. त्यापेक्षा लेखकाच्याच भाषेतली जुनी मुलाखत काढा आणि पहिलं मिनिट ऐका, लेखक स्वतःचं नाव क्वचितच घेतो पण मुलाखत घेणारा हमखास घेतो.

इंग्रजी नावांना मात्र कुठलाच नियम नाही, ती पाठच करा. कीट्स आणि येट्सचं स्पेलिंग पहिलं अक्षर सोडलं तर एकच. कादंबरीकार सॉमरसेट मॉमच्या (Maugham) नावात जी-एच आहे पण ऐकू येत नाही, आणि तत्त्वज्ञ बार्कलीचंच नाव दिलेलं शहर झालं बर्कली.

किती ताणायचं

रुळलेलं नाव असेल तर राहू द्या. प्लेटोला ग्रीकमध्ये ‘प्लातोन’ म्हणून कुणाचं भलं होणार नाही, त्याचं अरबीतलं ‘अफलातून’ तर आपण विशेषण करून वापरतोय. फ्रेंच ‘र’साठी घसा खरवडायचीही गरज नाही, मराठी वाक्यात मराठी ‘र’ चालतो. मीही गप्पांमध्ये नीत्शेच म्हणतो, ‘नीचं’ म्हटलं की पुढची पाच मिनिटं खुलाशात जातात. समोरचा कामुस म्हणाला तर मध्येच टोकू नका, आपल्या पुढच्या वाक्यात काम्यू म्हणा, त्याला कळायचं ते कळतं.

आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलने नाव देवनागरीत लिहून ठेवा. २०२५ च्या नोबेलवाल्या हंगेरियन लेखकाचं मी तसं लिहून ठेवलंय, क्रास्नाहोर्काई, तरी बोलताना अजून गाडी ‘क्रास्ना’पाशी थांबते आणि मग मी नुसतं लास्लो म्हणून वेळ मारून नेतो.